मागून येणारा उजेड

जानेफळच्या शीलामावशींचं ऋण माझ्यावर सर्वांत जास्त आहे. हे लिहिताना आजही संकोच वाटतो, कारण त्यांच्याइतका संशय मी दुसऱ्या कोणावर घेतलेला नाही.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. वडील गेल्यावर धाकट्या रमाची जबाबदारी माझ्यावर आली. तिला पोलीस भरतीचा ध्यास लागला होता. पहाटे अंधारातच ती गावातल्या मुलींबरोबर मेहकरच्या रस्त्यावर धावायला जायची. एक दिवस पानटपरीवर मित्र म्हणाला, "पोरींच्या मांगं रोज एक जीप हळूहळू फिरून राह्यली बे. ध्यान ठेव."

दुसऱ्या पहाटे मी ती जीप अडवली. स्टेअरिंगवर पदर खोचून बसलेली बाई! सवारीची काळी-पिवळी चालवणाऱ्या शीलामावशी.

"अंधारात पोरींच्या पायाखाली साप आला तं उजेड कोन दाखवन? तू?"

"पण तुम्हाले यात काय भेटते?" मी विचारलं.

"डिझेल जळते, आखीन काय भेटते!" त्या हसल्या. "मी गाडी शिकून राह्यली होती तं सारं गाव हसलं. माह्या मांगं कोनी उजेड धरला नाही, बाप्पा."

उत्तर चांगलं होतं, म्हणूनच मला पटलं नाही. फुकट कोण कोणासाठी डिझेल जाळतं? उद्या ही बाई मुलींना कुठल्या तरी भरती अकादमीत नेऊन घालेल, वर स्वतःचं कमिशन काढेल, असं मनात घोळू लागलं. संध्याकाळी विहारात वंदनेला बसायचो, तोंडाने त्रिशरण म्हणायचो आणि डोळे मिटले की ती जीपच दिसायची. आमच्या घरात चमत्कार मानत नाहीत, नवस बोलत नाहीत. तरी एका संध्याकाळी मी मनातल्या मनात म्हणालो, खरं काय ते मला दिसू दे. नाही दिसलं तर रमाचं धावणं बंद.

मुली रोज त्या रस्त्यावरच्या पुलावरून मागे फिरायच्या. त्याच्या बऱ्याच पुढे दडून, जीप खरंच वळते की मुलींना घेऊन कुठे जाते, ते पाहायचं मी ठरवलं. एका पहाटे त्यांच्या आधीच निघालो आणि कोणाला दिसू नये म्हणून मोटारसायकलचा दिवा बंद ठेवला. पूल ओलांडून बराच पुढे गेलो आणि तुरीच्या शेतातून रोही, म्हणजे नीलगायीचा नर, आडवा आला. भानावर आलो तेव्हा रस्त्याकडेच्या नालीत होतो. पाय गाडीखाली अडकलेला, मोबाईल कुठे उडाला कोण जाणे. हाका मारल्या. पण मुली पुलावरूनच फिरणार आणि माझा आवाज तिथवर जाणार नाही, हे मला कळत होतं. घसा बसला तेव्हा मी गप्प झालो. संशय घ्यायला कोणी नव्हतं, ठरवायला काही उरलं नव्हतं. ओठांवर आपोआप त्रिशरण आलं.

आधी धावत्या पावलांचा आवाज आला. मग तुरीवर उजेड पडला.

"दादा! तू इथं काऊन?" रमा ओरडली. तिने आणि मैत्रिणींनी मिळून गाडी उचलली आणि मला खांद्यावर घेऊन जीपमध्ये आणलं. मावशींनी सवारीची पहिली फेरी सोडून दिली आणि मला मेहकरच्या दवाखान्यात नेलं. आज पुलाच्या पुढे कशा आलात, असं मी वाटेत विचारलं.

"कोन जाने. हात गाडी वळवालेच तयार नव्हते. गाडी वळली नाही तं पोरीबी पुढंच धावत राह्यल्या," त्या म्हणाल्या. मग आरशातून माझ्याकडे पाहत, "अन् तू दिवा बंद करून काय करून राह्यला होता बे?"

त्या पहाटेला मी अजूनही काही नाव देत नाही. शरण नुसतं तोंडाने जाता येत नाही, हातातलं सगळं सुटावं लागतं, एवढं मला त्या नालीत कळलं. मावशींना तोंडावर सांगणं जमेना, म्हणून रमाच्या हाती ही चिठ्ठी पाठवली:

"आदरणीय शीलामावशी, सप्रेम जयभीम.

प्लास्टर अजून आहे. तुम्ही जीपमध्ये विचारलं होतं, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं. मी तुमच्यावर पाळत ठेवत होतो. रमाची मैदानी चाचणी जवळ आली आहे, तिला रोज पळवा. कधी तुमची जीप बंद असली तर निरोप द्या. पाय बरा झाला की त्या दिवशी पोरींच्या मागे मी मोटारसायकल घेऊन येईन, दिवा चालू ठेवून.

आपला,
रमाचा दादा"