पागोळीच्या पाण्यातली राळ

गिरजामावशी होत्या म्हणून मी तळेगावात टिकले. त्या गेल्याचं मला वर्ध्याला एसटीतून आलेल्या निरोपाने कळलं, तेही तेरवीच्या आदल्या दिवशी. यजमानांची बदली झाल्यापासून जाणं कमीच झालं होतं...

सन पंचाहत्तरच्या आसपास लग्न होऊन मी कोकणातून थेट मावशींच्या घरी भाड्याच्या खोलीत आले. मागे त्यांची संत्र्याची बाग. त्या पावसाळ्यात झाडांखाली रोज गळलेल्या फळांचा सडा. मोरचूद-चुन्याचं निळं औषध फवारावं, की सर येई आणि सगळं धुऊन बुंध्याशी. वर्षाचं पीक हातचं जाईलसं दिसत होतं. न राहवून मी म्हणाले, आमचे वडील पोफळीच्या औषधात राळ घालतात, मग ते पावसातही घडांना धरून राहतं. का धरतं, ते सांगता येईना; शाळा सहावीतच सुटलेली. मावशींनी तेवढ्यावर राळ मागवली.

घरी पाहिलं होतं तशी मी ती धुण्याच्या सोड्यात शिजवली, विहिरीच्या पाण्यात. नासलेल्या दुधासारखी फुटली. गोळे पंपात अडकले आणि दिवसाची उघडीप वाया गेली. मावशींचा मुलगा म्हणाला, "घ्या, ही तुमची कोकणवाली डॉक्टरीण! पंपच बंद पाडला तिनं." आता खोली सोडायला सांगणार, या धास्तीने मी भांडी गोळा करायला लागले.

मावशी दारात आल्या. "रडून काऊन राह्यली वं? आमच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाई, तिथं तुई राळ कशी शिजन?"

डाळीसाठी त्या पागोळीखाली पिंप ठेवून पावसाचं पाणी धरत. त्यातलं घागरभर त्यांनी मला दिलं. राळ काकवीसारखी एकजीव झाली. सकाळी फवारणी, संध्याकाळी जोराची सर. डोक्यावर पोतं घेऊन आम्ही दोघी बागेत गेलो. मावशींनी पानावर बोट घासलं. बोट निळं झालं. "धरलं वं," एवढंच म्हणाल्या. फळगळ हळूहळू थांबली. गावात कुणी विचारलं की सांगत, "आमच्या कोकणवालीचं औषध हाये."

तेरवीला गेले तेव्हा पिंप पागोळीखाली काठोकाठ भरलेलं होतं. सून म्हणाली, "सासूबाई राळ सोताच शिजवत. मले कधी हात लावू देल्ला नाई."

परवाच तिला निरोप धाडलाय, पुढच्या उघडिपीला येते म्हणून. मावशी, तुमचे उपकार फेडायला मला दुसरं काही येत नाही... पण तुमच्या सुनेच्या हातची राळ फुटणार नाही, हे माझ्याकडे लागलं.