राजवाड्यातली मिरवेल

प्रवासावर लिहायचा मला काही अधिकार नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परदेशही कॉलेजच्या खर्चाने पाहिला. तेव्हा चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

व्हिएन्नातला तो बरोक राजवाडा बघताना माझं अर्धं लक्ष आमच्या गावी, माकुणसारला होतं. गेल्या वर्षी आमच्या वाडीतली पानवेल मुळापासून कुजली. बाबांनी पुन्हा कांड्या लावल्या होत्या. त्या जगल्या नाहीत तर वाडी सोडून बोईसरच्या कंपनीत वॉचमनची नोकरी धरायची, असं त्यांनी ठरवलं होतं. मी निघालो तेव्हा वेलीला एकही फूट नव्हती. त्यात आईचा फोन दोन दिवस लागत नव्हता.

सोनेरी छत, भिंतभर आरसे, ढगांवर बसलेले गुबगुबीत देवदूत, सगळं पाहिलं. कॉलेजातून माझ्यासोबत आलेल्या सफाळ्याच्या मित्राने प्रत्येक आरशात केस नीट केले. मग आम्ही बागेतल्या काचघरात शिरलो. आत दमट, ओळखीची ऊब होती, आणि समोर एक वेल खांबावर चढलेली. तीच हृदयासारखी पानं. मी सरळ बूट काढले. आमच्याकडे पानवेलीत कोणी चपला घालून जात नाही. हात-पाय आपोआपच तसं करतात.

मित्र म्हणाला, "अरे, पानवेल नाय ही, मिरवेल हाय. पाटी वाच."

तोवर तिथली रखवालदार बाई आली. बुटात खडा गेला का, असं तिने इंग्रजीत विचारलं. मी अडखळत आमची रीत सांगितली. तिने गंभीरपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग मी इथे रोज बूट घालून फिरते, त्याचं काय? मिरीला चालत असावं, असं मी म्हणालो. ती इतकी हसली की दोन पर्यटक वळून बघू लागले. मोजे मात्र ओले झालेच.

बाहेर कॅफेपाशी वायफाय मिळालं आणि आईचा आवाजी संदेश आला. मित्रालाही ऐकू जावा म्हणून मी तो स्पीकरवर लावला.

"फुटली रे वेल. सगळीकडे फुटली. बाबा कंपनीत नाय जायचं म्हणतात. सकाळपासून वाडीतच हायत, जेवायला हाका मारून मी दमली."