पोट सोडून मोजा

वाडीतल्या आमच्या ऑफिसात लष्करी गाड्या आधी कॉम्प्युटरवर तयार होतात. त्या गाडीत कॉम्प्युटरमधलाच माणूस बसवून बघायचं, हे माझं काम. टपावरच्या गोल दारातून जाडजूड जवान बाहेर पडू शकेल का, हे बघायचं होतं. मापं द्यायला शेजारच्या गोदामावरचा एक ट्रकड्रायव्हर बोलावला. त्याची निवड आम्ही पोट बघूनच केली होती.

कमरेला टेप लागली की हा गृहस्थ पोट आत ओढी, मिशीवरून बोट फिरवी आणि छताकडे बघे.

"काका, पोट सोडा."

"सोडूनच तर उभा आहो ना गा," तो श्वास रोखून म्हणाला.

शेवटी कंटाळून मी तेच माप घातलं. पडद्यावरचा माणूस दारातून सुळकन बाहेर आला.

"पाहा, मी कुठं जाड आहो?" ड्रायव्हर खूश झाला.

"मग दार एवढंच ठेवतो," मी म्हणालो. "गाडी पेटली, तर जवानाला यातूनच निघायचं आहे."

ड्रायव्हरनं शर्टाचं खालचं बटण काढलं.

"त्या पोराले काहून अडकवता गा? मोजा परत."

टेप बरीच पुढे सरकली. आता पडद्यावरचा माणूस दारात कमरेशी अडकला. मी वळून पाहिलं, तर त्याला बाहेर काढायला ड्रायव्हरनं श्वास रोखून पोट आत ओढलं होतं.

माझंही पोट आतच होतं.