शिट्टीवाला

अबू धाबीजवळच्या मुसफ्फात वर्कशॉप सांभाळणारे आमचे शेजारी बापूकाका पूर्वी भारतात रेल्वे इन्स्पेक्टर होते. तिथे ठेकेदाराने पैसे वाचवायला, गाडी आली की शिट्टी मारणारा माणूसच काढला, आणि रुळावर काम करणारा मजूर भिवा गाडीखाली गेला.

दुपारच्या डुलकीत काका ओरडतात, “भिवाऽऽ, हट!” मला ते हुबेहूब जमतं. एकदा जिन्यात मी तसंच ओरडले, तर काका भिंतीला चिकटून गाडी जाण्याची वाट बघत राहिले.

२०११ साली इथल्या नव्या रेल्वेवर सरकारी देखरेखीची नोकरी चालून आली.

“अहो, यल्ला, चला, हो म्हणा!” शोभनाकाकू म्हणाल्या.

काकांनी मुलाखतीत एवढंच विचारलं, “शिट्टीवाला सरकारचा की कंपनीचा?”

“कंपनीचा. तुम्ही फक्त देखरेख करायची,” साहेब म्हणाले.

“मग खलास. तेव्हाही मी देखरेखच करत होतो.”