तपासणीस आणि साहेबांचा कॉम्बो

तपासणीस कुणाचे कौतुक करायचा नाही. शिरवळच्या आमच्या कारखान्यात तो गुणवत्ता तपासणीत होता, कंत्राटावर. मी स्टोअर सांभाळते. जेवणाच्या सुट्टीत आम्ही चार-पाच जण मोबाइलवर पत्त्यांचा एक खेळ खेळायचो. आपले पत्ते निवडून डेक बांधायचा आणि समोरच्याला संपवायचे. नवा डेक कुणीही बांधो, आधी तपासणीसापुढे जायचा. मशीनमधून आलेला सुटा भाग पाहावा तसा तो डेक पाहायचा आणि बहुतेक वेळा म्हणायचा, "रिजेक्ट."

माझा पहिला कॉम्बो डेक मी नीट यादी करून बांधला होता. तीन ठरावीक पत्ते एकत्र हातात आले की एकाच चालीत समोरचा खलास. त्याने डबा बाजूला सारून यादी वाचली. "ताई, ह्यो डेक न्हाई, लग्नाची वरात हाय. करवली आल्याबिगर हलायचीच न्हाई." सगळे हसले. मलाही हसू आले, मग राग आला, मग मी डेक बदलला.

जिंकलेले डाव तो धरायचाच नाही. "पत्तं आल्यावर कुनीबी जितंल. न्हाई आलं तर तवर जीव कसा वाचवताय, त्ये दावा." आणि पहिल्या चालीपासून तुटून पडायचा. त्याच्यापुढे टिकलेला डेक कुठेही टिकायचा.

मग नवे साहेब आमच्या टेबलावर येऊन बसू लागले. त्यांनीही कॉम्बो बांधला आणि सांगलीला होणाऱ्या या खेळाच्या स्पर्धेत नाव घातले. टेबलावर एक नवी रीत पडली. साहेबांशी खेळताना हल्ल्याचे पत्ते हातातच धरायचे, त्यांचे तिन्ही पत्ते येईपर्यंत थांबायचे आणि कॉम्बो लागला की टाळ्या. साहेबांना आपला डेक अजिंक्य वाटू लागला.

तपासणीसाचे कंत्राट त्याच महिन्यात नव्याने व्हायचे होते, सही साहेबांची. कॅन्टीनच्या नळापाशी मी त्याला स्पष्ट सांगितले, "साहेबांशी दोन डाव हर. घर भाड्याचं आहे, पोरगी शाळेत आहे."

"हरतो की ताई. पन मग तपासलं काय?"

साहेबांनी बोलावल्यावर तो खेळला. प्रत्येक डावात कॉम्बो जुळायच्या आत त्याने त्यांना संपवले. "साहेब, डेक लय हळू हाय. सांगलीत तुमच्यासाठी थांबनार कोन? सुरुवातीला आडवं घालायला हलकं पत्तं घ्या."

"आवं साहेब, आज ह्येचं नशीब जोरात हाय," शेजारी बसलेला एकजण म्हणाला. साहेब त्याच्याकडे पाहून हसले.

सांगलीत साहेब पहिल्याच फेरीत एका कॉलेजच्या मुलीकडून हरले. तिसरा पत्ता आलाच नाही म्हणे. सोमवारी त्यांनी सर्वांसमोर तपासणीसाला विचारले, "एवढं कळत होतं, तर नीट समजावून का नाही सांगितलं?" बाकीचे आपापल्या डब्यात पाहत होते.

कंत्राट झाले नाही. कारण कुणी विचारले नाही, कुणी दिले नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकजण आज कायम झाला आहे.

तपासणीस आता कोरेगावला मेहुण्याच्या दुकानात बसतो. मी अजून डेक बांधते आणि त्यालाच पाठवते. दुसऱ्या कुणाच्या मतावर माझा विश्वास नाही. "चांगला हाय ताई," असे उत्तर लगेच येते. गेल्या आठवड्यात मी कॉम्बोतला मुख्य पत्ताच मुद्दाम काढून टाकला आणि उरलेला डेक पाठवला.

मिनिटभरात उत्तर आले, "एक नंबर. कायबी बदलू नका."