रशीदाभाभींची केळ्याची बिस्किटं

शेजारच्या रशीदाभाभींच्या अस्लमचा फोन आला तेव्हा मी लातूरला लेकीकडे होते. नातवाची दुधाची बाटली धुवत होते, हात ओले होते, म्हणून जावयांनी फोन माझ्या कानाला धरला. "बाई, अम्मी गेली," एवढंच ऐकू आलं. पुढं तो काय बोलला ते डोक्यात शिरलंच नाही. मिळेल ती एसटी धरून अंबाजोगाईला पोचले, पण गल्लीच्या तोंडाशीच कळलं की जनाजा निघून गेला होता. पुरुष सगळे कब्रस्तानात, घरात फक्त बायका. भाभींची बाज कुणीतरी भिंतीला उभी करून ठेवली होती. तीस वर्षं आमच्या दोन घरांत एकच भिंत होती, आणि मला त्यांचं शेवटचं तोंडही दिसलं नाही. त्याला आता दीड महिना झाला. अजून भिंतीपलीकडं भांडं वाजलं की मी "भाभी?" म्हणून हाक मारायला तोंड उघडते...

मी इथं शाळेत शिकवायचे, म्हणून अख्खी गल्ली मला बाई म्हणते. भाभी वयानं मोठ्या, तरी त्याही बाईच म्हणायच्या. त्यांचे यजमान करीमभाई स्टँडजवळ फळांचा गाडा लावायचे. ते गेल्यावर गाडा मुलाकडं, अस्लमकडं आला. दिवेलागणीला गाडा परत यायचा तो काळी पडलेली केळी, फुटलेले चिकू, एका बाजूनं बसलेली पपई घेऊन. ही फळं फेकणं भाभींच्या जिवावर यायचं. चांगला भाग काढून घरात खायचा, उरलेलं शेजारच्या शेळ्यांना. एका हिवाळ्यात आमच्या गल्लीच्या नालीकडेला एक कुत्री व्याली. हाडांचा सापळा नुसता. भाभींनी तिला केळं टाकलं, तर तिनं हुंगून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी भाभी माझ्या दारात. "बाई, तुमचा तो गोल ओव्हन द्या बरं. पडूनच हाय ना?"

तो ॲल्युमिनियमचा, वर काच असलेला ओव्हन मी नव्या संसाराच्या हौसेनं घेतला होता आणि चार केक करून माळ्यावर टाकला होता. भाभींनी त्याचं सोनं केलं. दोन पिकली केळी कुस्करायची, त्यात सफरचंदाचा कीस, ज्वारीचं पीठ, चमचाभर तेल आणि चिमूटभर बडीशेप. साखर नाही, मीठ नाही. गोळा थापायचा आणि वाटीच्या कडेनं अर्ध्या चंद्रासारखे तुकडे पाडायचे. भाभी जनावरांच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारून आल्या होत्या. सफरचंदाच्या बिया काढा आणि द्राक्षं अजिबात देऊ नका, असं त्यांनी बजावलं होतं. त्या दिवसापासून द्राक्षाचा मणी ओट्यावर पडला तरी त्या झाडू घेऊन धावायच्या. बिस्किटं भाजायला लागली की वास गल्लीभर. पोरं जमायची. "खा रे, पन गोड न्हाई हं, आधीच सांगते," म्हणत पोरांनाही द्यायच्या.

घरात कुरबुर झालीच. नात्यातले थोरले म्हणाले, हे आपल्यात चालत नाही. भाभींनी वाद घातला नाही. कुत्रं ओट्याच्या वर येऊ द्यायचं नाही, त्याला हात लावायचा नाही, बिस्किट वरून टाकायचं, नमाजाचे कपडे वेगळे. एवढं त्या स्वतः कटाक्षानं पाळायच्या. त्या कुत्रीचं नाव त्यांनी चिकू ठेवलं. तिच्यामागनं एक पिवळट, अडदांड कुत्रा यायचा, तो जांब; आमच्याकडं पेरूला जांब म्हणतात. नावं सगळी गाड्यावरचीच.

सुरुवातीला दोघंही माणूस दिसला की पळायची. दगडच खाल्लेले ना सगळे! भाभींनी मग गल्लीतल्या पोरांना हाताशी धरलं. "हात असा सपाट ठिव. बोटं मिटू नको. तो घील बराबर." डबे भरून घरोघर बिस्किटं दिली, येताजाता टाकत चला म्हणून. हळूहळू चिकू आणि जांब कुणाच्याही हातून अलगद घ्यायला लागले. माझ्याही. मला कुत्र्यांची भीती, पण जांबची ओली जीभ तळहाताला लागली आणि मी शाळकरी पोरीसारखी हसले, हे मला आठवतं. भाभी ओट्यावर बसून बघत होत्या. "बघा बाई, कसं भरोशानं घेतंय," म्हणाल्या. त्यांचं तोंड असं उजळलेलं मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

गेल्या वर्षी चिकू पुन्हा व्याली. आमच्या समोरच्या आजोबांकडं सुट्टीला आलेली नात, परी, पाच वर्षांची, पिलू उचलायला गेली. चिकूनं तिच्या हाताचा लचका तोडला. रक्त, आरडाओरडा... भाभी अनवाणी धावल्या. मोठ्या दवाखान्यात परीला इंजेक्शनं देईपर्यंत तिचं डोकं छातीशी धरून बसल्या होत्या. परत आलो तर गल्ली जमलेली. परीचे आजोबा पुढं आले. "भाभी, तुमी लाड केले म्हनून चढले ते. आज हात हाय, उद्या गळा धरंल." त्यांचं काही चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. लेकराचा हात मी पाहिला होता.

भाभी मान खाली घालून उभ्या होत्या. म्हणाल्या, "दादा, माफ करा. तलवाड्याला माझ्या बहिणीचं शेत हाय. अस्लम टेम्पो आनतो, समदे तिकडं नेऊन सोडतो. दोन दिवस द्या मला." दोन दिवस द्यायला सगळ्यांनी होकार दिला. माझ्यासमोर दिला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी भाभींचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. नुसतं जांबचं नाव घेत होत्या. मी बाहेर आले. चिकू नालीच्या कडेला ताठ होऊन पडली होती, तोंडाला फेस. पिलं अजून तिला लुचत होती. जांब जिवंत होता. मागचे पाय गेलेले, पुढच्या पायांवर फरफटत ओट्याकडं येत होता. भाभी नमाजाच्या कपड्यांतच होत्या. ओट्यावरून खाली उतरल्या, मातीत बसल्या आणि इतक्या वर्षांत ज्याला कधी बोटही लावलं नाही त्या जांबचं डोकं मांडीवर घेतलं. तो त्यांचा हात चाटायला बघत होता. जीभ बाहेर येत नव्हती. अस्लमनं दूध आणलं, मी पाणी आणलं. काही उपयोग झाला नाही.

मग भाभींनी शेजारी पडलेला एक तुकडा उचलला. अर्धा चंद्र. त्याला फवारणीच्या औषधाचा वास येत होता. तो वास आमच्याकडं लहान पोरालाही ओळखू येतो. भाभींनी तो तुकडा माझ्यासमोर धरला.

"बाई, हे माझंच हाय."

"भाभी, टाका ते. हात धुवा आधी."

"कुनाच्या बी हातून घेत नव्हते ओ ते. भेत होते. मीच शिकवलं, घ्या म्हनून."

अस्लम पोलिसांत जायला निघाला होता. त्याला त्यांनीच थांबवलं. "कुनाचं नाव सांगशील? डबा मी समद्याच घरी दिलाय." त्यानं पिलं तलवाड्याला पोचवली. एकही जगलं नाही. परीनं मात्र हाताची पट्टी सुटल्यावर येऊन विचारलं, चिकू कुठंय? भाभींनी तिला सांगितलं, शेतात हाय, लई मजेत हाय. पोरगी अजून तेच धरून बसली आहे.

त्यानंतर भाभींनी ओव्हन लख्ख घासून मला परत दिला. हळूहळू चुलीपाशी जाणंही सोडलं. सून रांधायची, त्या दोन घास खाऊन ताट सारायच्या. साखरेचा आजार जुनाच, त्यात गोळ्या चुकवायला लागल्या. मी रागावले. "भाभी, असं का करता? अस्लमकडं तरी बघा."

"पीठ मळायला घेतलं की हात थांबतो बाई," त्या म्हणाल्या. "ह्याच हातानं केलेलं हुतं ना ते."

मी म्हटलं, तुमचा काय दोष, ज्यानं केलं त्याचं पाप. त्यांनी माझ्याकडं बघितलं, रागानं नाही, दमून. तीस वर्षं पोरांना बोलायला शिकवलं मी, आणि शेजारी बसलेल्या माणसाला सांगायला एक खरं वाक्य माझ्याजवळ नव्हतं. आजही नाही. पाय सुजले, मग मूत्रपिंडं गेली, मग दवाखान्याच्या चकरा. कागदावर मरणाचं कारण नीट लिहिलेलं आहे. डॉक्टरांची चूक नाही. पण त्या सकाळी मातीत बसल्या त्या भाभी पुन्हा पूर्ण उठल्याच नाहीत, हे भिंतीपलीकडून मी रोज ऐकत होते.

मयतीच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, म्हणून गल्लीतल्या प्रत्येक घरातून चहा आला, जेवण आलं. सगळ्या बायका रडल्या, आणि खोट्या रडल्या असं मला वाटत नाही. पण त्यातलंच एक घर ते औषध घालणाऱ्याचं होतं. मी तो चहा घेतला. कुणाचा कप नाकारू? हल्ली कुणी नमस्कार केला तरी माझी नजर आधी त्याच्या हातांवर जाते. माझ्याच गल्लीत मी अशी राहते.

परवा भाभींच्या ओट्याखाली एक पिलू दिसलं. तांबूस, कुठून आलं कोण जाणे. मला बघून शेपूट हलवत आलं आणि पायापाशी बसलं, तोंड वर करून. घरात केळी होती. मी पायातली चप्पल काढली आणि त्याच्या शेजारी जमिनीवर जोरात आपटली. "हाड! चल, हो तिकडं!" ते दचकलं, कोपऱ्यापर्यंत पळालं. तिथं थांबून बघत राहिलं, आणि थोड्या वेळानं शेपूट हलवत पुन्हा माझ्याकडं यायला लागलं. मी दुसरीही चप्पल काढली.