अर्ध्या वाटेवरचा सत्कार

माझा प्रवास लखनौला संपला, हे मला लखनौला माइकवरून कळलं.

कच्छपासून अरुणाचलपर्यंत सायकलने जायचं म्हणून आमचा जथा निघाला होता. बहुतेक सगळे नोकरीतून मोकळे झालेले, बाई मी एकटीच. उभा जन्म मी सांगलीच्या शाळेत भूगोल शिकवला. ब्रह्मपुत्रा कुठे वळते ते पोरींना नकाशावर पट्टी आपटून दाखवलं, आणि स्वतः मात्र कृष्णा सोडून बाकीच्या नद्या रेल्वेच्या खिडकीतूनच पाहिल्या. तेव्हा ब्रह्मपुत्रेपर्यंत आपल्या पायांनी जायचं, एवढंच मनात होतं. गुडघे कुरकुरत होते, पण कुरकुर मी वर्गातही कधी ऐकून घेतली नव्हती.

त्या दिवशी सकाळी उन्नावहून निघालो. थंडी अशी की नाक आपल्याला आहे की नाही ते चाचपून बघावं लागे. आमच्या कॅप्टनची शिस्त कडक. एका ओळीत चालायचं, खड्डा दिसला की पुढच्याने ओरडायचं, आणि दम लागला तर मागून येणाऱ्या टेम्पोत बसायचं, लाज धरायची नाही. मी अजून टेम्पोत बसले नव्हते. लाज धरली होती. सरोजिनी नगरला डोक्यावरून एक विमान अगदी खालून उतरत गेलं, त्यातली माणसं आरामात बसून आली असणार, असं म्हणून आम्ही चहा घेतला.

माझा मुलगा लखनौला रेल्वेत इंजिनियर आहे, तेलीबागेत राहतो. आमच्या दुपारच्या जेवणाची व्यवस्था त्याने तिथल्या मराठी मंडळींना सांगून एका हॉलमध्ये केली होती. लखनौतल्या मराठी माणसांना आपल्याकडचं कुणी भेटलं की ते आधी गाव विचारतात, मग तिथे आपलं कोण राहतं ते सांगतात आणि मग जेवायला वाढतात. त्या दिवशी मध्ये सत्कारही होता. तो जेवणाआधी ठेवला होता, कारण जेवल्यावर कुणी थांबत नाही. आतून मसालेभाताचा वास येत होता आणि आम्ही खुर्च्यांवर ओळीने भाषणं ऐकत बसलो होतो.

बाकीच्यांना एकेक गुलाब मिळाला. मला शाल आणि श्रीफळ. वयाचा मान असेल, असं मला वाटलं. मग अध्यक्ष माइकवर म्हणाले, "काकू आज इथे आपला प्रवास थांबवत आहेत. अर्धा देश त्यांनी पार केला, ही काही लहान गोष्ट नाही. चिरंजीवांनी संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढलेलं आहे, आणि सांगायला आनंद वाटतो की खालचा बर्थ कन्फर्म आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या सायकलीला त्याच्या निम्म्याही वाजल्या नव्हत्या. श्रोत्यांत रेल्वेतली माणसं बरीच होती, खालच्या बर्थची किंमत त्यांना ठाऊक.

मी कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टनने हातातल्या गुलाबाकडे पाहिलं. मुलाने त्याला आदल्या दिवशी फोन करून 'आईचं ठरलंय' असं कळवून टाकलं होतं. मी उठून माइक मागून घेतला आणि म्हणाले, "माझं काहीही ठरलेलं नाही. मी पुढे जाणार आहे. ही शाल परत घ्या."

अध्यक्ष गडबडले. "काकू, घातलेली शाल परत घ्यायची आपल्यात पद्धत नाही."

"न पोचता पोचल्याची शाल घ्यायचीही नाही."

मागून एक बाई ओरडल्या, "अहो, ॲडव्हान्स समजा ना! जिलबी ठंडी हो रही है!" सभा तिथेच संपली.

जेवणात माझं लक्ष नव्हतं. बाहेर आले तर मुलगा माझ्या सायकलीपाशी उकिडवा बसून अंगठ्याने टायर दाबून बघत होता. रुळांची तपासणी करणारा माणूस, हात स्वस्थ बसत नाहीत.

"ब्रेकचे रबर गेलेत," तो वर न बघता म्हणाला.

"मला विचारायचं नाही का रे?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस?"

"हाँ."

मी तोंड उघडलं होतं, चांगलं झापणार होते. तेवढ्यात तो म्हणाला, "बाबांच्या वेळी मिळेल त्या गाडीने निघालो होतो. पोचलो तेव्हा सगळे घाटावरून परत आले होते. मला अंगणात कुणीतरी पाणी दिलं, बस. आता तू तिकडे कुठे डोंगरात पडलीस तर मी कसा पोचू, यार आई? तिकडे तर आमची लाइनच संपते."

तो अजून टायरच दाबत होता. हे त्याने इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं, आणि मी समजत होते की ते दुःख माझ्या एकटीचं आहे. मला फार वाईट वाटलं. राग कुठे गेला ते कळलंच नाही.

मी म्हणाले, "मी शेजारच्या खाटेवर होते. सकाळी चहाला हाक मारली तेव्हा समजलं. मलाही उशीरच झाला, बाळा."

त्याचा अंगठा थांबला. मग उठला, स्कूटरवरून कुठेतरी गेला आणि ब्रेकचे नवे रबर घेऊन आला. ते बसवताना त्याने विचारलं, "रोज पोचल्यावर फोन करशील?"

"करीन."

"रेंज नसली तर?"

"तर नाही करणार."

त्याने यावर विचार केला. "अच्छा," म्हणाला, आणि पुढचा ब्रेक आवळायला घेतला.

बाराबंकीच्या रस्त्याला लागलो तसा तो स्कूटरवरून माझ्या बाजूने आमच्याच चालीने येत राहिला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून त्याचा उद्धार करत होत्या. शहर संपलं तिथे त्याने स्कूटर कडेला घेतली.

"आता जा," तो म्हणाला. "मागे वळून बघू नकोस, तोल जाईल."

मी बघितलं नाही. रस्ता सरळच होता. थोडं पुढे गेल्यावर मागच्या सायकलवाल्याला विचारलं, "गेला का हो?"

त्याने वळून पाहिलं. "नाही काकू," म्हणाला, "उभा आहे अजून."